विमानाच्या प्रतिकृतीचा खरा रंग कोणता?

लढाऊ जेट विमानाची प्रतिकृती तुमच्यापैकी काहींनी केली असेल. कोणी पुठ्ठ्याची करतो, कोणी बाल्साच्या हलक्या लाकडाची, तर कोणी प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा तयार संच आणून जोडतो. मापे अचूक असतात, पंख सरळ बसलेले असतात, चाके जागच्या जागी असतात. रंग मात्र पाहणाऱ्याला पटत नाही. ‘फार काळपट झालंय’, ‘एवढं हिरवं नसतं ते’ असे शेरे ऐकावे लागतात. गंमत अशी की, डबीवर छापलेले नाव आणि क्रमांक अगदी बरोबर असूनही असे घडते.

लांबी पट्टीने मोजता येते, कोन कोनमापकाने मोजता येतो. मग रंग कशाने मोजायचा? आणि डबीतला रंग बरोबर असताना प्रतिकृतीवरचा रंग चूक कसा ठरतो? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की प्रकाशाचे परावर्तन, डोळ्याची रचना, हवेतील प्रकाशाचे विकिरण असे पाठ्यपुस्तकातले अनेक धडे एका टेबलावर येऊन बसतात.

एक विमान, चार रंग

उदाहरणासाठी आपण अमेरिकेचे एफ-४ फँटम हे विमान घेऊ. त्याचे पहिले उड्डाण २७ मे १९५८ रोजी झाले. ते मुळात नौदलासाठी बनवलेले विमान होते. वरून फिकट करडा आणि खालून चकचकीत पांढरा, असा त्याचा सुरुवातीचा वेष होता. अमेरिकन हवाई दलाने फँटम घेतले तेव्हा पहिली विमाने याच वेषात आली.

समुद्रावर हा वेष ठीक होता. परंतु व्हिएतनामच्या युद्धात ही विमाने घनदाट जंगलावरून उडू लागली, तेव्हा वरून पाहणाऱ्या शत्रूच्या वैमानिकाला गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर फिकट विमान सहज दिसे. म्हणून १९६५ च्या सुमारास हवाई दलाने आपल्या विमानांना मायावरण, म्हणजेच कॅमोफ्लाज, देण्यास सुरुवात केली. वरच्या बाजूस गडद हिरवा, मध्यम हिरवा आणि मातकट तपकिरी अशा तीन रंगांचे वेडेवाकडे पट्टे. खालच्या बाजूस अगदी फिकट करडा, कारण जमिनीवरून पाहणाऱ्याला विमानामागे आकाश दिसते. पुढच्या काळात काही फँटमांचे पोटही वरच्याच तीन रंगांनी रंगवण्यात आले. विमान वळताना कलते तेव्हा त्याचे फिकट पोट चटकन नजरेत भरते, हा त्यातला धोका.

ध्यानात घ्या, येथे रंग शोभेसाठी नव्हता. तो जुळला की विमान लपे, चुकला की दिसे. त्यामुळे प्रत्येक रंगाची नोंद काटेकोर ठेवावी लागे. ती नोंद कशी असे, ते आता पाहू.

पाच आकड्यांची भाषा

‘गडद हिरवा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पिंपळाचे पान येईल, तर मित्राच्या डोळ्यांसमोर शाळेचा फळा येईल. शब्दांनी काम भागत नाही. म्हणून अमेरिकन सरकारने १९५६ साली रंगांचे एक प्रमाण प्रसिद्ध केले. फेडरल स्टँडर्ड ५९५ हे त्याचे नाव. रंगाच्या दुकानात आपण शेडकार्ड पाहतो, तशाच रंगवलेल्या नमुन्यांचा हा संच. प्रत्येक नमुन्याला पाच आकडी क्रमांक. २०१७ साली हे सरकारी प्रमाण रद्द होऊन त्याची जागा एएमएस ५९५ या नावाच्या प्रमाणाने घेतली. क्रमांकांची पद्धत मात्र तीच राहिली.

या क्रमांकातला पहिला आकडा चकाकी सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मंद चकाकीचा, ३ म्हणजे बिनचकाकीचा किंवा मॅट. दुसरा आकडा रंगाचा गट सांगतो: ० तपकिरी, १ तांबडा, २ नारिंगी, ३ पिवळा, ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा, ७ इतर (यात काळा, पांढरा व धातूचे रंग येतात) आणि ८ चमकणारे प्रतिदीप्त रंग. शेवटचे तीन आकडे गटातील क्रम दाखवतात. लहान संख्या म्हणजे गडद, मोठी संख्या म्हणजे फिकट, असे ढोबळमानाने समजावे.

आता फँटमचे चार क्रमांक वाचा. ३४०७९: मॅट, हिरवा, गडद. ३४१०२: मॅट, हिरवा, पहिल्याहून फिकट. ३०२१९: मॅट, तपकिरी. ३६६२२: मॅट, करडा, बराच फिकट. आणि त्याचा नौदलाचा जुना वेष? ३६४४० व १७८७५. पहिला मॅट करडा, दुसरा चकचकीत पांढरा. विमान न पाहताही केवळ क्रमांकांवरून त्याचे चित्र मनात उभे राहते की नाही!

इतर देशांचीही अशी प्रमाणे आहेत. ब्रिटनचे बीएस ३८१सी हे प्रसिद्ध आहे. त्यात ६४१ म्हणजे गडद हिरवा आणि ६३८ म्हणजे गडद सागरी करडा. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ५ मध्ये रंगांना क्रमांक दिलेले आहेत.

एवढे असूनही क्रमांक म्हणजे विमान नव्हे. क्रमांक फक्त नमुन्याच्या चकतीचा असतो. चकती पुस्तकात झाकून ठेवलेली, विमान उन्हात उभे. येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

रंग असतो कुठे?

पानात हिरवा रंग भरलेला असतो असे आपण बोलतो. वास्तविक पान काय करते? त्यावर पडलेल्या प्रकाशातील काही तरंगलांबींचा प्रकाश शोषते आणि उरलेला परत पाठवते. तो उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याच्या पडद्यावर शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार लांब, दुसरा मध्यम व तिसरा आखूड तरंगलांबींना अधिक प्रतिसाद देतो. या तिघींच्या प्रतिसादांची तुलना करून मेंदू ‘हिरवा’ असा निर्णय देतो. म्हणजे रंगाला तीन साक्षीदार लागतात: प्रकाश, पृष्ठभाग आणि डोळा. यातला एक बदलला तरी निकाल बदलू शकतो.

डोळ्याकडून मेंदूला फक्त तीन संकेत जातात हे महत्त्वाचे आहे. वर्णपटात शेकडो तरंगलांबी, पण संकेत तीनच! त्यामुळे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत सारखे दिसू शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे. अशा जोडीला मेटॅमेरिक जोडी म्हणतात. साडीला ब्लाउजपीस जुळवताना आई कापड दुकानाच्या दारात उजेडाला नेऊन पाहते, ते यासाठीच.

हा प्रयोग घरी करता येतो. पिवळ्या पोस्टर कलरमध्ये थोडा थोडा काळा मिसळा. आश्चर्य वाटेल, पण शेवाळी हिरवट रंग तयार होईल. आता दुसऱ्या वाटीत हिरव्या रंगात थोडा तांबडा व लागल्यास पिवळा मिसळून पहिल्यासारखाच रंग बनवा. ट्यूबलाइटखाली दोन्ही जुळवा, पांढऱ्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावा आणि वाळल्यावर सकाळी खिडकीपाशी, दुपारी सावलीत व रात्री पिवळसर दिव्याखाली पहा. प्रत्येक वेळी जोडी जमलेली दिसते का, ते टिपून ठेवा.

शास्त्रज्ञांनी म्हणूनच प्रकाशाचीही प्रमाणे ठरवली आहेत. दिवसाच्या उजेडासाठी सुमारे ६५०० केल्विन तापमानाशी जुळणारा प्रकाश प्रमाण मानतात. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ६५००के असे छापलेले तुम्ही पाहिले असेल. २७००के छापलेला दिवा पिवळसर असतो. रंग जुळवण्यासाठी उत्तम म्हणजे खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला दिवसाचा उजेड.

चकाकीचा हिशोब

क्रमांकाचा पहिला आकडा क्षुल्लक नाही, हे एका साध्या गणिताने पटेल. रंगाच्या गुळगुळीत थरावर प्रकाश सरळ पडला की त्यातला थोडा भाग आत न शिरता पृष्ठभागावरूनच परत फिरतो. थराचा अपवर्तनांक १.५ धरला तर हा भाग (१.५ − १) भागिले (१.५ + १) याचा वर्ग, म्हणजे ०.०४ किंवा ४ टक्के येतो. हा परतलेला प्रकाश पांढराच असतो. रंगद्रव्याशी त्याची गाठच पडलेली नसते.

चकचकीत थरावर हे ४ टक्के एकाच दिशेने जातात. डोके किंचित हलवले की ती चमक टळते आणि खालचा शुद्ध रंग दिसतो. मॅट थर खडबडीत असतो. तेथे हे ४ टक्के चहूकडे विखुरतात, आणि कोठूनही पाहिले तरी रंगात मिसळलेलेच दिसतात.

समजा, एक गडद हिरवा रंग पडलेल्या प्रकाशापैकी ७ टक्के परत पाठवतो. मॅट असल्यास त्यात ४ मिळून ११ होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ! तोच हिशोब ६० टक्के प्रकाश परत पाठवणाऱ्या फिकट करड्याचा केला तर ६० चे ६४ होतात. फरक जाणवतही नाही. तात्पर्य, चकाकीची चूक गडद रंगांना फार भोवते. फँटमचा गडद हिरवा चकचकीत डबीतून लावला तर तो काळपट दिसेल, आणि डबीला दोष देऊन उपयोग होणार नाही.

थराची जाडीही पहा. १:७२ प्रमाणात ०.१ मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या विमानावरच्या ७.२ मिलिमीटर थराइतका होतो. कुंचल्याचे ओरखडे म्हणूनच नांगरटीसारखे दिसतात. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा.

‘पांढरा मिसळा’ हा नियम तपासू

प्रतिकृती बनवणाऱ्यांत एक नियम सांगितला जातो: प्रतिकृती जितकी लहान, तितका रंग फिकट करावा, १:७२ साठी सुमारे १५ टक्के पांढरा मिसळावा. कारण असे देतात की, खरे विमान आपण दुरून पाहतो आणि मधल्या हवेमुळे ते फिकट दिसते. कारण पटण्याजोगे वाटते. दूरचा सह्याद्री निळसर-फिकट दिसतो, हे आपण पाहतोच. तरीही हिशोब करून पाहू.

एफ-४ई या प्रकाराची लांबी सुमारे १९.२ मीटर. १:७२ प्रतिकृती होते २६.७ सेंटिमीटर. ती तुम्ही ५० सेंटिमीटरवरून पाहता, तेव्हा ५० गुणिले ७२ म्हणजे ३६ मीटरवरून खरे विमान पाहिल्यासारखे होते. मग प्रश्न एवढाच की, ३६ मीटर हवा रंग किती फिकट करते?

हवामानशास्त्रात दृश्यता नावाचे माप आहे: क्षितिजावरील काळी वस्तू जेथून जेमतेम ओळखू येते ते अंतर. जर्मन शास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ साली दाखवले की, काळ्या वस्तूचा आकाशाशी असलेला विरोध अंतराबरोबर ठरावीक नियमाने घटतो. थोड्या अंतरासाठी ही घट ३.९ गुणिले अंतर भागिले दृश्यता, इतकी असते. दृश्यता १० किलोमीटर असेल तर ३.९ × ३६ ÷ १०,००० म्हणजे सुमारे ०.०१४. दीड टक्कासुद्धा नाही!

उलट बाजूने पहा. ३६ मीटरमध्ये १५ टक्के घट हवी असेल तर दृश्यता ९०० मीटरच्याही खाली यावी लागेल. एक किलोमीटरहून कमी दृश्यतेला हवामानखाते धुके म्हणते. म्हणजे ज्या कारणासाठी पांढरा मिसळतात, ते कारण फक्त धुक्यातल्या विमानाला लागू पडते.

मग नियम खोटा का? थांबा. कारण चूक ठरले म्हणून निरीक्षण चूक ठरत नाही. मूळ रंगात रंगवलेली छोटी प्रतिकृती घरात काळपट दिसते, हे अनेकांनी पाहिलेले आहे. त्याची दुसरी कारणे आहेत.

पहिले कारण उजेड. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. रात्री दिवा लावलेल्या खोलीत २०० ते ३०० लक्स. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो, पण पूर्णपणे नाही. ब्रिटिश वर्णशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ साली दाखवले की, प्रकाश वाढला की तोच रंग अधिक रसरशीत भासतो. उन्हातला हिरवा खोलीत येऊन मलूल होतो. दुसरे कारण क्षेत्रफळ. शेडकार्डावरची लहानशी चौकट पाहून भिंतीचा रंग ठरवला आणि भिंत रंगवल्यावर तो जास्तच उजळ व भडक वाटला, असा अनुभव पुष्कळांना येतो. मोठे क्षेत्र उजळ भासते, लहान क्षेत्र गडद. प्रतिकृती म्हणजे लहान क्षेत्रच. तिसरे कारण, खरे विमान कारखान्यातल्या ताज्या रंगात फार दिवस राहत नाही. त्याविषयी पुढे पाहू.

याचा अर्थ असा की, १५ हा आकडा ब्रह्मवाक्य नाही. प्रतिकृती कोठे ठेवणार, कोणत्या दिव्याखाली ठेवणार, यावर पांढऱ्याचे प्रमाण अवलंबून असावे. काचेच्या कपाटात मंद उजेडात ठेवायची असेल तर थोडा पांढरा लागेल. अंगणात उन्हात छायाचित्र घ्यायचे असेल तर कदाचित मुळीच लागणार नाही.

शेजारचे रंग

आणखी एक साक्षीदार फितूर होतो. पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत रंगाऱ्यांकडे तक्रार आली होती की, काळा धागा पुरेसा काळा होत नाही. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी धागा तपासला. रंग उत्तम होता. दोष शेजारच्या रंगांचा होता. रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेने ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे घ्या. एक काळ्या आणि दुसरा पांढऱ्या कागदावर ठेवा. काळ्यावरचा तुकडा उजळ दिसेल. फँटमवरही हेच होते. मातकट तपकिरी पट्टा दोन हिरव्यांच्या मधे असतो, त्यामुळे तो अधिक तांबूस भासतो. म्हणून एकच रंग लावून लगेच ‘चुकला’ म्हणू नये. सर्व रंग लागेपर्यंत निकाल राखून ठेवावा.

ऊन, पाऊस आणि जुनी छायाचित्रे

थायलंडमधील उदोर्न किंवा दक्षिण व्हिएतनाममधील दा नांग अशा तळांवर फँटम उन्हापावसात उभे असत. उन्हातील अतिनील किरण रंगातील बंधक द्रव्याचा नाश करतात. बंधक गेले की रंगद्रव्याचे कण उघडे पडतात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. जुन्या फाटकावर बोट फिरवले की रंगीत भुकटी लागते, तोच हा प्रकार. असा पृष्ठभाग जास्त प्रकाश विखुरतो, म्हणून फिकट दिसतो. दुरुस्तीनंतर त्यावर ताज्या रंगाचे ठिपके पडले की ते गडद उठून दिसतात. ‘फँटमचा रंग’ असे म्हणण्यापेक्षा ‘अमुक वर्षीच्या, अमुक तळावरच्या फँटमचा रंग’ असे म्हणणे योग्य.

हा पुरावा मिळतो छायाचित्रांतून. पण छायाचित्रही साक्षीदारच. त्याची उलटतपासणी घ्यावी. फिल्मचा स्वभाव, सूर्य उगवतीचा की माध्यान्हीचा, छपाईची शाई, संगणकाचा पडदा, हे सारे रंग बदलतात. येथे एक युक्ती उपयोगी पडते. चित्रात जिचा रंग निश्चित माहीत आहे अशी वस्तू शोधा. फँटमवर अमेरिकेचा पांढरा तारा निळ्या वर्तुळात असतो. पांढरा तारा चित्रात निळसर दिसला तर सगळे चित्र निळसर झाले आहे असे समजा आणि हिरव्यातूनही तेवढा निळा मनाने वजा करा. तारा पिवळट दिसला तर उलट करा. एका चित्रावर भिस्त ठेवू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी घेतलेली तीन-चार चित्रे जे एकमुखाने सांगतील, तेच धरावे.

कृती

१. प्रथम कोणते विमान, कोणते वर्ष, कोणता तळ हे ठरवा. क्रमांक मिळत असतील तर लिहून काढा.

२. तयार डबी मिळाली तर घ्या. हंब्रोलच्या डब्यांत ११६, ११७, ११८ आणि २८ हे क्रमांक फँटमच्या चार रंगांसाठी असतात. डबी न मिळाल्यास मूळ रंग मिसळा. मिसळताना ड्रॉपरने थेंब मोजा आणि वहीत लिहा. ‘अंदाजे’ मिसळलेला रंग संपला की पुन्हा तसाच बनत नाही.

३. रंग प्रतिकृतीवर न लावता आधी पुठ्ठ्यावर लावा. खालचे अस्तर प्रतिकृतीवर असेल तेच पुठ्ठ्यावर द्या. पूर्ण वाळू द्या; ओला रंग फसवतो. ॲक्रिलिक रंग सहसा वाळल्यावर थोडे गडद होतात.

४. शेवटी मॅट वॉर्निश देणार असाल तर पुठ्ठ्यावरही द्या. चकाकीचा हिशोब आठवतो ना?

५. करड्या कागदाला दोन सारखी भोके पाडा. एका भोकातून नमुना व दुसऱ्यातून तुमचा रंग पहा. शेजारच्या रंगांची लुडबूड थांबते.

६. पांढरा न घालता एक, ५ टक्के घालून दुसरा, १० टक्के घालून तिसरा आणि १५ टक्के घालून चौथा असे पुठ्ठे करा. प्रतिकृती जेथे ठेवायची तेथेच ते ठेवा आणि नेहमीच्या अंतरावरून पहा. जो पटेल तो घ्या, आणि जे प्रमाण एका रंगाला तेच सगळ्यांना ठेवा.

७. प्रतिकृतीच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवा: विमान, वर्ष, पुरावा कोणता, मिश्रण कोणते.

शेवटची पायरी कंटाळवाणी वाटेल, पण ती सोडू नका. आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमाने बांधली जात. भारतीय हवाई दलात १९६३ साली आलेली ही विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाली. त्यांतील कित्येक प्रथम उघड्या धातूच्या चंदेरी रंगात होती. १९७१ च्या युद्धाच्या वेळी घाईघाईने त्यांना मायावरण चढवण्यात आले आणि ते प्रत्येक विमानावर सारखे नव्हते. आता ती आकाशात दिसणार नाहीत. चौकात किंवा संग्रहालयात उभी असलेली विमाने अनेकदा नव्याने रंगवलेली असतात, आणि नवा रंग जुन्यासारखाच असेल याची खात्री नसते. आठवणीतला रंगही मूळ रंगापेक्षा भडक होत जातो. अशा वेळी जुनी छायाचित्रे गोळा करून, ओझरला काम केलेल्या एखाद्या आजोबांना विचारून, पुराव्यासह केलेली प्रतिकृती ही एक नोंदच ठरते. चिठ्ठी असेल तर पुढचा विद्यार्थी तुमचे काम तपासू शकेल, आणि नवा पुरावा मिळाला तर दुरुस्तही करू शकेल. चिठ्ठी नसेल तर तुमचा अंदाज दुसऱ्याच्या प्रतिकृतीत ‘खरा रंग’ म्हणून जाऊन बसेल.

स्वाध्याय

१. एफ-१६ विमानाच्या रंगांत ३६११८ आणि ३६३७५ हे क्रमांक येतात. दोन्हींची चकाकी व गट सांगा. कोणता रंग विमानाच्या पाठीवर आणि कोणता पोटावर असेल? का?

२. १:४८ प्रतिकृती ६० सेंटिमीटरवरून पाहिली तर खरे विमान किती मीटरवरून पाहिल्यासारखे होईल? दृश्यता १० किलोमीटर असताना विरोध किती टक्के घटेल?

३. काळा चकचकीत बूट पॉलिश पुसून मॅट झाला तर काळा कमी दिसतो, पण पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटात असा फरक जाणवत नाही. वरील चकाकीच्या हिशोबाने कारण द्या.

४. वर्गातील दहा मुलांना शाळेच्या फाटकाचा रंग आठवणीने मिसळायला सांगा. मग सर्वांचे पुठ्ठे फाटकाशेजारी ठेवून पहा. कोणत्या दिशेने चुका जास्त झाल्या?

(उत्तरे: १. दोन्ही मॅट, दोन्ही करडे; गडद ३६११८ पाठीवर, कारण वरून पाहणाऱ्याला विमानामागे गडद जमीन दिसते; फिकट ३६३७५ पोटावर, कारण खालून पाहणाऱ्याला उजळ आकाश दिसते. २. २८.८ मीटर, सुमारे १.१ टक्के. ३. विखुरलेले ४ टक्के काळ्याच्या थोड्याशा परावर्तनात मोठी भर घालतात, पांढऱ्याच्या भरपूर परावर्तनात नगण्य. ४. याचे उत्तर तुमच्या शाळेच्या फाटकापाशीच मिळेल.)